पिशवी भरलेली आणि वीर मेलेला: रोगलाइक खेळांत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

'शॅटर्ड पिक्सेल डंजन' या फोनवरच्या खेळात चौथ्या मजल्यावर माझा वॉरियर, म्हणजे लढवय्या वीर, मेला तेव्हा त्याच्या पिशवीत एक हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) होतं. ओळखलेलं, नावानिशी. शिवाय दोन न वाचलेले स्क्रोल (मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या), एक अनोळखी निळं पोशन आणि फेकायचे तीन दगड, डाव सुरू झाल्यापासून तसेच पडून असलेले. समोर गटारातला खेकडा होता. माझी हेल्थ, म्हणजे उरलेला जीव, पस्तीसपैकी नऊवर आली होती. मला वाटलं, खेकडाही अर्धमेला झालाय, दोन वारांत आटपेल. पहिला वार चुकला. दुसराही चुकला. खेकड्याचे दोन्ही लागले आणि डाव संपला.

ते पोशन मी पाचव्या मजल्यावरच्या बॉससाठी, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या शत्रूसाठी, राखून ठेवलं होतं.

असं तीनचारदा झालं की माणूस खेळ काढून टाकतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तसंच केलं, आणि त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यांना अडवणारी गोष्ट खेळाच्या कठीणपणापेक्षा वेगळी होती, ती कुणी सांगितली असती तर ते टिकले असते. शेवटचा वार आपल्याला दिसतो, म्हणून तोच लक्षात राहतो. खरी चूक त्याच्या वीसतीस चाली आधी झालेली असते, आणि त्या वीसतीस चालींत वाचायची सोय बहुतेक वेळा आपल्याच पिशवीत पडून असते. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका अनुभवातून आलंय.

हा प्रकार नेमका काय

1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. (इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ भामटा. आपल्या आजारपणाशी संबंध नाही.) पडद्यावर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. खेळाडू म्हणजे '@' ही खूण, आणि राक्षस म्हणजे ए ते झेड ही इंग्रजी मोठी अक्षरं. तळघर दर वेळी नव्याने रचलं जायचं, आणि सेव्ह केलेला डाव परत उघडला की ती सेव्ह फाइल पुसली जायची. म्हणजे मेलात तर मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करण्याची सोयच नाही. याच घराण्यातले ते रोगलाइक, आणि या कायमच्या मरणाला खेळाडू पर्माडेथ म्हणतात.

या दोन गोष्टी एकमेकींवर टेकून उभ्या आहेत, हे नवख्याने आधी समजून घ्यावं. तळघर दर वेळी वेगळं असतं, म्हणून नकाशा पाठ करून उपयोग नसतो. आणि मरण कायमचं असतं, म्हणून प्रत्येक पोशन, प्रत्येक दार, प्रत्येक पाऊल यांना किंमत येते. डाव पुसला जातो, पण दाराआड कसं उभं राहायचं हे तुम्हाला कळलेलं असतं, ते पुसलं जात नाही. पुढच्या डावात तुमच्याबरोबर जातं ते एवढंच.

'हेडीज', 'रोग लेगसी' यांसारख्या खेळांत मेल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं: ताकद वाढते, नवी शस्त्रं उघडतात, 'हेडीज'मध्ये तर गोष्टही पुढे सरकते. त्यांना रोगलाइट म्हणतात. सगळं पुसलं जाण्याचा फारच त्रास होत असेल तर सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही.

आधी खेळ निवडा, आणि एकच निवडा

माझं उत्तर ठरलेलं आहे: 'शॅटर्ड पिक्सेल डंजन'. अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतो, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही. वाटाबू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्मात्याने 'पिक्सेल डंजन' बनवला आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला; त्यावरून इव्हान डेबनहॅम याने 2014 मध्ये 'शॅटर्ड' काढला आणि आजही तो त्यावर काम करतोय. एकूण 26 मजले, दर पाच मजल्यांना नवा मुलूख आणि शेवटी एक बॉस: गटारं, तुरुंग, गुहा, बुटक्यांचं शहर, राक्षसांची दालनं. लोकलमध्ये एका हाताने खेळता येतो आणि मधेच फोन खिशात टाकला तरी डाव जिथल्या तिथे थांबतो.

'नेटहॅक' थोर आहे, 1987 पासून चालू आहे, पण त्यात पहिलं पाऊल टाकण्याआधी कीबोर्डच्या कळा पाठ कराव्या लागतात. 'डंजन क्रॉल स्टोन सूप' त्यामानाने सोपा, पण तो संगणकासमोर बसून खेळणंच सोयीचं. ते नंतर. एका वेळी तीन खेळ उघडले की तिन्हींत पहिल्याच मजल्यांवर मरत राहाल, आणि एकाचंही शिकलेलं दुसऱ्यात लागू पडणार नाही.

'शॅटर्ड'मध्ये सुरुवातीला वॉरियरच मिळतो, तोच घ्या. त्याला हीलिंग पोशन पहिल्यापासून ओळखता येतं. बाकीच्यांना ही सवलत नाही, हे बाकीचे खेळून पाहिल्यावरच कळतं.

बोट आवरा

नवख्यांचे सगळ्यात जास्त डाव कशाने जात असतील तर घाईने. खेळ चालींचा आहे. तुम्ही एक चाल केलीत की राक्षसांची एक चाल, बुद्धिबळासारखं. तुम्ही हलला नाहीत तर पडद्यावरचं काहीच हलत नाही. खेकडा शेजारच्या घरात नांग्या उघडून उभा असतानाही तुम्ही फोन खाली ठेवून चहा करून येऊ शकता. आल्यावर तो तिथेच, तसाच असेल.

हे ऐकायला साधं वाटतं, पण लढाई रंगली की अंगठा शत्रूवर टपटप पडायला लागतो. तेव्हा हेल्थचा आकडा कुणी बघत नाही. माझा नियम असा: हेल्थ निम्म्यावर आली की हात फोनवरून उचलायचा. खरोखर उचलायचा. मग पिशवी उघडायची आणि त्यातली एकेक वस्तू बघत विचारायचं, हिने आत्ता काय होईल? पहिल्या आठवड्यात हे फार कृत्रिम वाटेल. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पहिल्यांदा सहाव्या मजल्यावर पोचाल.

उभं कुठे राहायचं

मोकळ्या दालनात तीन शत्रू आले तर तिघंही एकदम मारतात. बोळात मागे सरलात तर एकाच वेळी एकच. मराठी माणसाला खिंड कशासाठी लढवतात हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण 'शॅटर्ड'मध्ये बोळापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे दार. इथला नियम असा की ज्या शत्रूला तुम्ही दिसत नाही आहात, त्याच्यावरचा वार चुकत नाही. आणि दारात कुणी उभं नसेल तर ते मिटलेलं असतं, त्यातून पलीकडचं दिसत नाही. हे दोन्ही जोडा. शत्रू मागे लागला की दारातून पलीकडे जा आणि दाराला लागून असलेल्या घरात उभे राहा. तुम्ही त्याच्या नजरेआड झालात. तो शोधत दारात पाऊल टाकतो, आणि तुमचा वार अचूक लागतो. गरज पडली तर पुन्हा दूर जा, पुन्हा दुसरं दार.

गटारातला साप याचसाठी आहे असं मला वाटतं. त्याची हेल्थ अवघी चार, पण तो इतका चपळ की समोरासमोर वारावर वार हुकतात आणि नवखा वैतागतो. दाराआडून एकच वार पुरतो. सापाने चिडवलं की समजा, खेळ तुम्हाला दार दाखवतोय. खेकड्यालाही हेच लागू. तो एका चालीत दोन घरं धावतो, त्यामुळे त्याच्यापुढे नुसतं पळून भागत नाही. पण दार जवळ असेल तर पहिला अचूक वार तुमचा. माझ्या त्या चौथ्या मजल्यावर माझ्या मागे चार घरांवर दार होतं. मी वळूनही पाहिलं नाही.

पिशवी

इथे थोडं थांबून लिहिते, कारण डाव इथेच जिंकले आणि हरले जातात.

पोशनांचे रंग आणि स्क्रोलांवरच्या खुणा दर डावाला बदलतात. या डावात निळं पोशन आगीचं असेल, पुढच्या डावात तेच ताकद वाढवणारं. त्यामुळे नवखा घाबरतो आणि काहीच पीत नाही, काहीच वाचत नाही. सगळं साठवतो. मेल्यावर पिशवीत आठ अनोळखी वस्तू निघतात, त्यातल्या दोनतीन त्याला वाचवणाऱ्या होत्या.

ओळख पटवायची ती अडचणीत सापडण्याआधी, वेळ आपल्या हातात असताना. स्क्रोल वाचायचा तर हेल्थ भरलेली असावी आणि नजरेच्या टप्प्यात कुणी नसावं. बहुतेक स्क्रोल फायद्याचे असतात, आणि अपग्रेडचे, म्हणजे शस्त्र किंवा चिलखत बळकट करणारे, तर दर पाच मजल्यांत तीन हमखास. पोशन पिताना पाण्याच्या काठावर उभे राहा: आग निघाली तर पाण्यात पाऊल टाकलं की अंगावरची विझते. जवळ दार किंवा बोळ असू द्या, म्हणजे विषारी वायू निघाला तर चालत बाहेर पडता येईल. जखमी असताना, शत्रू समोर उभा असताना अनोळखी पोशन पिणं म्हणजे जुगार. दुसरा काही उपायच उरला नसेल तर तोही खेळावा, पण वेळ तिथवर येऊ देऊ नये.

एकदा ओळख पटली की वाईट पोशनं ही शस्त्रं होतात. आगीचं पोशन प्यायचं नसतं, फेकायचं असतं, बोळात गर्दी करून येणाऱ्या चौघांवर. हे कळलं त्या दिवशी मला पिशवीतली निम्मी 'अडगळ' दारूगोळा वाटायला लागली.

खेळ किती प्रामाणिक आहे हेही इथेच दिसतं. एखाद्या खोलीचं तोंड लाकडी अडसराने बंद असेल तर तो जाळणारं पोशन त्याच मजल्यावर कुठेतरी ठेवलेलं असतं. पिरान्हा माशांनी भरलेल्या पाण्यापलीकडे खजिना दिसला तर अदृश्य करणारं पोशन त्याच मजल्यावर असतं. म्हणजे मजल्यावर असा अडसर दिसला आणि एक नवं अनोळखी पोशन सापडलं, तर ते न पिता त्याचा अंदाज बांधता येतो. नशिबाच्या नावाने बोटं मोडण्याआधी अशा खुणा वाचायला शिका. सापशिडीत फाशावर आपलं काही चालत नाही. इथे बरंच चालतं.

तीन छोट्या गोष्टी, ज्या मी फार उशिरा शिकले. एक: उंच गवत तुडवलं की दवाचे थेंब मिळतात आणि ते पाण्याच्या पिशवीत साठतात. वीस थेंबांनी ती भरते, आणि भरलेली पिशवी प्यायली की हेल्थ पूर्ण. पडद्याच्या कोपऱ्यात ती दिसत असते आणि मरताना तिची आठवण कुणालाच येत नाही. दोन: अपग्रेड सगळीकडे थोडे थोडे वाटू नका. एक चिलखत किंवा एक शस्त्र धरा आणि सगळे त्यावरच घाला. तीन: सापडलेलं प्रत्येक शस्त्र हातात घेऊ नका. त्यावर लिहिलेला ताकदीचा आकडा तुमच्यापेक्षा बराच जास्त असेल तर वार चुकत राहतात, आणि ते शापित निघालं तर हातातून सुटतही नाही.

आता ते हीलिंग पोशन. "बॉससाठी ठेवू" हा विचार मला पूर्ण समजतो, आपल्या घरांत चांगली भांडी पाहुण्यांसाठीच राखलेली असतात. पण चौथ्या मजल्यावर मेलेल्याला पाचवा मजला नसतो. ज्या चालीनंतर शत्रूच्या दोन चांगल्या वारांत तुम्ही मरू शकता, ती चाल पोशन पिण्याची. त्यानंतरची नाही.

पळ काढणं

पळणं हे या खेळातलं खरं कौशल्य आहे आणि ते कुणी शिकवत नाही. जिना कुठे आहे हे डोक्यात ठेवूनच मजला उघडत जा. 'शॅटर्ड'मध्ये जिना गाठलात की पाठीमागचा शत्रू मागेच राहतो. वर जाऊन श्वास घ्या, हेल्थ भरू द्या, मग परत या. 'नेटहॅक'मध्ये असं नाही, तिथे शेजारच्या घरातला राक्षस तुमच्याबरोबर जिना उतरतो, म्हणून आधी दोन घरांचं अंतर लागतं. दर खेळाचा हा नियम वेगळा असतो, आणि नवा खेळ घेतला की मी सगळ्यात आधी तोच तपासते.

फक्त भूक विसरू नका. विश्रांती घेत बसलात तर पोट रिकामं होत जातं, आणि उपासमार सुरू झाली की हेल्थ भरणं थांबतं आणि उलट घटायला लागते. खाणं हातात असेल तर विश्रांती घ्या, नसेल तर खाली उतरा.

पाचव्या मजल्यावरचा बॉस म्हणजे एक काळा चिकट गोळा. त्याच्याशीही हेच. तो फुगायला लागला की पुढचा वार मोठा असणार, हे तो आधीच सांगतोय. त्या चालीत एक वार जास्त मिळवायचा मोह सोडा आणि त्याच्यापासून चांगलेच दूर व्हा. आणि तो पाण्यात उभा असताना लढत बसू नका, पाण्यात त्याच्या जखमा भरतात. त्याला कोरड्यावर ओढून आणा.

मेल्यानंतरची पाच मिनिटं

लगेच नवा डाव मांडू नका. रागात मांडलेला डाव पहिल्या दोन मजल्यांवर जातो, हे मी स्वतःवर इतक्यांदा पाहिलंय की आता मेल्यावर उठून पाणी पिते. दोन तासांचा डाव गेला की पोटात खड्डा पडतो. पडू द्या. ज्याची काळजी केली ते गेलं, तर वाईट वाटणारच.

मग वही. मी साधी दोनशे पानी वही ठेवली आहे आणि प्रत्येक मरणाला तीनचार ओळी. त्या खेकड्याची नोंद अशी आहे:

"मजला 4, खेकडा. पिशवीत हीलिंग 1, स्क्रोल 2, दगड 3. खेकडा दिसला तेव्हा हेल्थ 22, भरायची वाट पाहिली नाही. दार मागे 4 घरं. 15 वर थांबायला हवं होतं."

शेवटच्या वारापासून उलटं मोजत जायचं आणि विचारायचं: जिथून मी नक्की वाचले असते अशी शेवटची चाल कोणती? तिच्यापाशी थांबायचं. दर वेळी एकच चूक लिहायची, सगळ्यात आधीची. दहा मरणांनंतर वही चाळली तर माझ्या दहापैकी सहा नोंदींत न वापरलेलं हीलिंग पोशन होतं. तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल: कुणी प्रत्येक वेळी मोकळ्या दालनात मरतो, कुणी भुकेने. ते कळलं की पुढच्या डावात लक्ष ठेवायला एकच गोष्ट उरते, आणि एक गोष्ट कुणालाही जमते.

मेलेल्या वीराचं खेळात अगदीच काही उरत नाही असंही नाही. पुढच्या एखाद्या डावात त्याच मजल्यावर त्याचे अवशेष सापडू शकतात, त्यात त्याची एखादी वस्तू असते. 'नेटहॅक'मध्ये तर मेलेल्याचं भूतही भेटू शकतं, त्याच्या सगळ्या सामानाजवळ. मला हा प्रकार फार आवडतो.

सेव्ह फाइलची नक्कल आणि सोपे मार्ग

सेव्ह फाइलची नक्कल ठेवून मेल्यावर ती परत घालणारे पुष्कळ आहेत. खेळ तुमचा, वेळ तुमचा, यात पाप काही नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वीसेक डावांत ते टाळा, कारण नक्कल हाताशी असली की पोशन पिण्याची वेळ ओळखायला आपण शिकतच नाही. खोल मजले बघायचेच असतील तर खेळांनी दिलेले सरळ रस्ते घ्या. 'नेटहॅक'मध्ये एक्सप्लोअर मोड आहे, त्यात मरण नाकारता येतं, फक्त गुणांची नोंद होत नाही. 'केव्ह्ज ऑफ कड'मध्ये रोलप्ले मोड आहे, त्यात वस्तीवर पोचलात की तिथून पुन्हा सुरू करता येतं. 'हेडीज'च्या गॉड मोडमध्ये लागणारा मार सुरुवातीलाच 20 टक्क्यांनी कमी होतो, आणि प्रत्येक मरणाला आणखी 2 टक्क्यांनी, 80 पर्यंत. हे मोड बनवणाऱ्यांनी विचार करून दिलेत. ते वापरणाऱ्याला कमी लेखणारे भेटले तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

पहिल्या महिन्याचं लक्ष्य

26 वा मजला डोक्यातून काढून टाका. पहिलं लक्ष्य: मरताना पिशवीत हीलिंग पोशन नसावं. कितव्या मजल्यावर मेलात ते मोजूच नका. सलग तीन डाव हे जमलं की दुसरं: पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळे स्क्रोल वाचलेले असावेत. मग तिसरं, तो काळा गोळा.

तो पडला की खाली तुरुंग लागतो आणि दहाव्या मजल्यावर तिथला बॉस, टेंगू. तो एका जागी थांबत नाही, वार खाल्ला की उडी मारून दुसरीकडे जातो, आणि दाराची युक्ती त्याच्यापुढे चालत नाही. तिथे मी अकरा वेळा मेले. वहीत त्याची पानं वेगळी काढलीत.